कुत्र्याचं नाक आधी पोहोचतं: फिरताना रानजनावर आडवं आलं तर

चिंगी थांबली तेव्हा मी तिला ओढलं. घरात कुत्रं येऊन जेमतेम चार महिने झाले होते. पायवाटेच्या कडेला ती ताठ उभी राहून गवताकडे बघत होती, आणि मला तो नुसता हट्ट वाटला. ‘चल गं बाई, काही नाही तिथे,’ म्हणत मी लीशला हिसका दिला. गवतातून रानडुकराची मादी उठली आणि तिच्यामागे अंगावर पट्टे असलेली चार-पाच पिल्लं. नशीब एवढंच, की ती आमच्या उलट दिशेला गेली. पुढे कितीतरी दिवस मी हा प्रसंग ‘अचानक डुक्कर आलं’ असाच सांगत होते. अचानक कुणाला? चिंगीला तर अर्ध्या मिनिटापासून माहीत होतं.

कुत्र्याच्या नाकात वास टिपणारे ग्राही ३० कोटींपर्यंत असतात, आपल्याकडे ६० लाखांच्या आसपास. म्हणजे झाडीत काय आहे हे आपल्याला दिसतं त्याच्या कितीतरी आधी त्याला कळलेलं असतं. नव्याने कुत्रा पाळणारे सगळे मला विचारतात, ‘साप दिसला तर काय करायचं, बिबट्या दिसला तर काय करायचं?’ त्याची उत्तरं पुढे आहेतच. पण झाडीकडे बघत चालू नका, कुत्र्याकडे बघत चाला. निम्म्या भेटी तिथेच टळतात.

पहिली पायरी: घरात शिकवायचे तीन शब्द

‘बस’, ‘हात दे’, ‘लोळ’ हे पाहुण्यांसमोर मिरवायला ठीक आहे. रानवाटेवर उपयोगी पडतात ते शब्द वेगळे.

पहिला शब्द ‘वळ’. मला हा सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि नेमका हाच फारसा कुणी शिकवत नाही. चालता चालता ‘वळ’ म्हणायचं, आपण गर्रकन उलटं फिरायचं आणि आल्या दिशेने चार पावलं टाकायची. कुत्रा सोबत आला की लगेच खाऊ. आधी खोलीत, मग दारात, मग रस्त्यावर. दिवसातून दहा वेळा आणि काहीही कारण नसताना. हे कारण नसताना करणंच महत्त्वाचं आहे. तुम्ही फक्त समोर मांजर आलं की ‘वळ’ म्हणत गेलात, तर हुशार कुत्रा आठवड्याभरात ताडतो की हा शब्द आला म्हणजे जवळपास काहीतरी भारी आहे. मग तो वळत नाही, शोधायला लागतो.

दुसरा म्हणजे परत बोलावण्याचा राखीव शब्द. नावाने मारलेली हाक रोजच्या वापराने गुळगुळीत झालेली असते; दिवसात पन्नासदा हाक मारतो आणि त्यातल्या चाळीस वेळा पुढे काहीच घडत नाही. म्हणून एरवी तोंडात न येणारा एखादा शब्द किंवा शिट्टी निवडा. त्यावर कुत्रा आला की एक तुकडा देऊन भागवू नका. दहा-पंधरा सेकंद त्याचा सर्वांत लाडका खाऊ एकामागोमाग देत राहा. एकदा तो पक्का झाला की आठवड्यातून दोन-तीनदाच वापरा, आणि त्या हाकेवर आलेल्या कुत्र्याला कधीही रागवू नका, आंघोळीलाही नेऊ नका. मी स्वतः शिट्टी वापरते. माणूस घाबरला की त्याचा आवाज बदलतो, शिट्टीचा बदलत नाही.

तिसरा ‘सोड’. तोंडातली वस्तू हिसकावून घेणाऱ्या घरातला कुत्रा एकच धडा शिकतो: माणूस जवळ यायच्या आत गिळून टाकायचं. म्हणून नेहमी अदलाबदल करा. त्याने खेळणं सोडलं की त्याला त्याहून चांगलं काहीतरी मिळायला हवं, आणि शक्य असेल तर खेळणंही परत. उद्या त्याच्या तोंडात पाखराचं पिल्लू किंवा कुजलेलं हाडूक असेल तेव्हा हीच सवय कामाला येते.

सोबत मुसक्याचीही सवय लावा. जाळीचं, ऐसपैस, ज्यात धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं असं. मुसकं फक्त चावऱ्या कुत्र्यांना घालतात हा समज सोडून द्या. अंगात काटा रुतलेला किंवा पाय मोडलेला सर्वांत गरीब कुत्राही उचलणाऱ्या हाताला चावतो, आणि त्या क्षणी पहिल्यांदा मुसकं दाखवलं तर तो ते घालू देत नाही. फक्त कुत्रा उलट्या करत असेल किंवा त्याला श्वास लागला असेल तर मुसकं घालायचं नाही.

दुसरी पायरी: हातातली लीश

साधी, चपटी, दीड-दोन मीटरची लीश घ्या आणि ती हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीवरून घालायच्या पट्ट्यांना लावा. बटण दाबल्यावर लांब होणारी, गुंडाळी असलेली लीश बागेत ठीक असेल, रानात नाही. कुत्रा पाच मीटर पुढे झुडपात शिरलेला असतो, बारीक दोरी हातात धरली तर चिरते, आणि दांडा निसटला तर तो खडखडत कुत्र्याच्या मागे लागतो. मग साप-डुक्कर बाजूलाच राहतात, कुत्रा त्या दांड्यालाच घाबरून पळत सुटतो.

लीश मनगटाभोवती किंवा बोटांना कधीही गुंडाळू नका. तिचा फास अंगठ्यात अडकवा आणि उरलेली मुठीत धरा. मोठा कुत्रा झेपावला तर गुंडाळलेली बोटं मोडू शकतात. शिवाय एखाद्या प्रसंगी लीश सोडून द्यावी लागते, तो प्रसंग पुढे येईलच.

मोकळं सोडायचंच असेल तर आधी काही महिने दहा मीटरच्या लांब दोरीवर सराव करा. आणि समोरून काही पळालं तरी राखीव हाकेवर तो दहापैकी दहा वेळा येतो अशी खात्री होईपर्यंत सोडू नका. नऊ वेळा येणारा कुत्रा येत नाही असंच धरून चाला.

तिसरी पायरी: वेळ, वारा आणि खिसे

बहुतेक रानजनावरं उजाडताना आणि दिवस मावळताना हिंडतात. दुर्दैवाने कुत्रा फिरवायच्या आपल्या वेळाही त्याच. चांगलं उजाडल्यावर निघा आणि अंधार पडायच्या आत परता. निदान झाडी, ओढा, उंच गवत असलेली वाट तरी दिवसाउजेडासाठी राखून ठेवा.

वाऱ्याचा विचार नवखे लोक करत नाहीत. वारा पाठीवर असेल तर तुमचा आणि कुत्र्याचा वास तुमच्या पुढे चालतो, आणि जनावरं आधीच बाजूला होतात. वारा तोंडावर असेल तर उलट होतं. कुत्र्याला सगळं कळतं, जनावराला तुमचा पत्ताच नसतो. वळणावर एकदम समोरासमोर गाठ पडते ती बहुतेक अशा दिवशी. अशा वेळी बोलत चाला, कोपऱ्यावर खाकरा, टाळी वाजवा. कानात इअरफोन तर कोणत्याच दिवशी नको.

संधिप्रकाशात जावंच लागलं तर विजेरी डोक्याला बांधायची घ्या. निशाचरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, तो उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो. विजेरी कमरेजवळ धरली तर ती चमक तुमच्या डोळ्यांपर्यंत नीट पोहोचत नाही. कपाळावर असली की झाडीतले दोन ठिपके लखकन दिसतात. (पहिल्या दिवशी स्वतःच्याच कुत्र्याचे डोळे पाहून दचकाल. मी दचकले होते.)

खिशात शिट्टी, भरपूर खाऊ, एक जादा लीश, पाण्याची बाटली, रबरी हातमोजे, एक टॉवेल आणि सुती पट्टी ठेवा. फोनमध्ये नेहमीच्या पशुवैद्याचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर हवा. दोन्हीकडे आजच फोन करून एक प्रश्न विचारा: ‘सापाच्या विषावरचं प्रतिविष तुमच्याकडे असतं का?’ कुत्रा मांडीवर तडफडत असताना हे शोधत बसायची वेळ येऊ नये.

चौथी पायरी: कुत्रा काय सांगतोय ते वाचणं

नाक जमिनीला, शेपूट सैल, नागमोडी चाल असेल तर जुना माग आहे. कुणीतरी रात्री इथून गेलं. हुंगू द्या, पण डोळा ठेवा.

नाक वर, मान ताणलेली, नाकपुड्या फुलतायत म्हणजे वास हवेतून येतोय. माग नाही, वासाचा धनी जवळपास आहे.

एकदम पुतळा झाला, कान पुढे, तोंड मिटलं, वजन पुढच्या पायांवर आलं, कधी एक पाय उचललेला. धापा टाकत चाललेल्या कुत्र्याचं तोंड पटकन मिटणं ही माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाची खूण. शेपूट आणि कान जातीनुसार फसवतात, मिटलेलं तोंड सहसा फसवत नाही. इथे ‘वळ’ म्हणायचं. काय आहे ते बघायला थांबायचं नाही.

चौथी खूण सर्वांत गंभीर. पुढे जायलाच नकार, शेपूट पायांत, अंग आक्रसलेलं, तुमच्या पायांमागे दडायची धडपड. एरवी अघळपघळ असलेला कुत्रा असं वागला तर त्याच्याशी वाद घालू नका. आल्या वाटेने परत फिरा.

प्रत्येक वेळी झाडीत श्वापदच असेल असं नाही. चिंगी एकदा वाऱ्याने फडफडणाऱ्या प्लास्टिकसमोर अशीच गोठली होती. तरी मी वळले. दहा चुकीच्या इशाऱ्यांची किंमत म्हणजे दहा वेळा थोडं जास्त चालणं.

पाचवी पायरी: जनावर दिसलं, आता पहिली दहा सेकंदं

थांबा. लीश हळूहळू गोळा करून आखूड करा, पण ताणू नका. ताणलेली लीश छातीला जाणवली की कुत्रा उलट पुढे जोर लावतो. त्याला आपल्या मांडीलगत घ्या.

मग तीन गोष्टी बघा. अंतर किती आहे? सोबत पिल्लं आहेत का? आणि त्या जनावराला निघून जायला वाट आहे का, की त्याच्या वाटेवर आपणच उभे आहोत? तिसरा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. पायवाट, पूल, दोन कुंपणांमधली बोळ अशा जागी जनावर आपल्या अंगावर येत नसतं, आपल्यामागच्या मोकळ्या जागेकडे जात असतं. बाजूला व्हा, वाट द्या.

मग सावकाश मागे सरका आणि अंतर वाढवा. साप, घोरपड, मुंगूस, हरीण असं काही असेल तर सरळ ‘वळ’ म्हणून चालू लागा. मोठं मांसाहारी जनावर असेल तर पाठ फिरवायची नाही. फोटो काढायचा नाही: फोनने एक हात अडतो आणि दोन्ही हात लीशवर हवेत.

साप

कुत्र्याला साप चावतो तो बहुतेकदा तोंडावर नाहीतर पुढच्या पायावर, कारण कुत्रा सापाची चौकशी याच दोन अवयवांनी करतो. साप दिसला तर दोन-तीन मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवून निघून जा. तो पाठलाग करत नाही. दगड मारू नका. तुमचं बघून कुत्र्यालाही तो खेळ वाटतो. मेलेल्या सापापासूनही कुत्र्याला लांब ठेवा, कारण तुटलेलं मुंडकंही बराच वेळ चावू शकतं.

चावताना दिसलं नाही तरी हे ओळखा: कुत्रा एकदम केकाटला, गवतातून मागे उडाला, मग थोड्या वेळात तोंड किंवा पाय सुजायला लागला, रक्त थांबेना. ही साधारण घोणस किंवा फुरसं यांच्या जातकुळीची लक्षणं. नाग किंवा मण्यारीच्या गटात सूज फारशी नसतानाही पापण्या जड होतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, आवाज बदलतो आणि श्वास मंदावत जातो. ही लक्षणं दिसायची वाट बघू नका. संशय आला की निघा.

गळ्यातला पट्टा आणि हार्नेस काढा, सूज चढली की ते फास होतात. कुत्र्याला चालवू नका, उचला. मोठा असेल तर टॉवेल किंवा जाकिटाची झोळी करून दोघांनी न्या. चाललेल्या पायांतून विष लवकर पसरतं. वाटेतूनच दवाखान्यात फोन करा. करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, बर्फ लावणं यातलं काहीही करू नका. माणसांची वेदनाशामक गोळी तर कधीच देऊ नका: आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्यांना मुळातच विषारी ठरू शकतात. साप पकडून न्यायची गरज नाही. लांबून फोटो सहज मिळाला तर ठीक, नाहीतर त्यात वेळ घालवू नका.

विष थुंकणाऱ्या नागांच्या प्रदेशात फिरत असाल आणि कुत्रा डोळे चोळत ओरडायला लागला, तर डोळ्यांवर स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटं सोडा आणि मगच दवाखान्याकडे निघा.

मोठी जनावरं

रानडुकराची मादी पिल्लांसाठी आणि एकटा नर सुळ्यांच्या जोरावर अंगावर येतो. वेगात सरळ रेषेत येतो, म्हणून झाड, खडक, गाडी असं काहीतरी मधे घ्या.

लीश सोडायचा प्रसंग म्हणतात तो इथलाच. गायीगुरं, रेडे, गवा यांच्या डोळ्यांत कुत्रा म्हणजे लांडग्याचा भाऊ. कळपाचा राग कुत्र्यावर असतो आणि लीश धरून उभा असलेला माणूस मधे सापडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये गावाकडे फिरणाऱ्यांसाठी असलेल्या नियमावलीत, कंट्रीसाइड कोडमध्ये, म्हणूनच स्पष्ट सांगितलंय, की गुरांपासून धोका वाटला तर लीश सोडून द्या. कुत्रा तुमच्यापेक्षा जोरात पळतो आणि गुरं त्याच्यामागे जातात. हातातून सोडताना जीव तुटतो, पण दोघंही वाचायची शक्यता त्यातच जास्त.

बिबट्या, प्यूमा असं मोठं मांजर असेल तर उलट. तिथे लीश सोडायची नाही, कारण पळणारा कुत्रा म्हणजे पळणारी शिकार. पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. ओणवा माणूस त्याला चार पायांचा दिसतो. लहान कुत्र्याला लीशनेच वर ओढून कवेत घ्या, हार्नेस हवा तो यासाठीही. तोंड त्याच्याकडे, हात वर, जाकीट पसरलेलं, आवाज खणखणीत, आणि पावलं मागे. अंगावर आलंच तर हातात येईल त्याने प्रतिकार करा.

अस्वलाच्या मुलखात मोकळा कुत्रा ही आणखी वेगळी डोकेदुखी. तो भुंकत जातो, अस्वलाला डिवचतो, अस्वल मागे लागलं की त्याची पाचावर धारण बसते आणि तो धावत येतो सरळ धन्याकडे. पाहुण्याला घेऊन.

सुसरी-मगरींच्या पाण्याला तर जवळच जाऊ नका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पाण्याच्या काठापासून निदान ५ मीटर लांब राहायचा सल्ला देतात, आणि काठावर पाणी पिणारा कुत्रा मगरीला बरोबर ओळखू येतो. प्यायचं पाणी घरून न्या.

माकडांबद्दल थोडक्यात: नजरेला नजर भिडवू नका, हसून दात दाखवू नका, खाऊची पिशवी नजरेआड ठेवा, आणि कुत्र्याला भुंकू न देता बाजूने काढा. टोळीला कुत्रा एकटा भेटला तर ती घेरते.

छोटी, पण महागात पडणारी

साळिंदर काटे फेकतं ही निव्वळ दंतकथा आहे. ते पाठ करून मागे धावतं आणि काटे रुतवतं. पळून जायची घाई नसलेलं जनावर दिसलं की कुत्रा तोंड घालतो, आणि मग जीभ, टाळू, नाक, छाती काट्यांनी भरते. उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराच्या अंगावर ३० हजारांच्या आसपास काटे असतात आणि त्यांच्या टोकांना उलट्या दिशेची बारीक कुसळं असतात, त्यामुळे ते आत आत सरकतात. काटे कापू नका. कापल्याने हवा निघून ते सैल होतात असं सांगणारे खूप भेटतील. होतं एवढंच, की डॉक्टरांना धरायला टोक उरत नाही. घरी ओढूनही काढू नका, मोडलेलं टोक आतच राहतं. पंजाने तोंड चोळू न देता तडक दवाखान्यात न्या. बहुतेकदा भूल देऊनच काढावे लागतात.

मधमाश्या उठल्या तर मात्र एरवीचा ‘पळू नका’चा नियम मोडायचा. पळा, सरळ रेषेत, हात न झाडता, गाडीत किंवा घरात शिरेपर्यंत. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात. नांगी मारताना माशी धोक्याची सूचना देणारं रसायन सोडते, त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. बाकीच्या माश्या त्या वासावर येतात, म्हणून चावल्या जागी थांबून काटे काढत बसू नका. आधी लांब जा. नंतर रुतलेले काटे झटपट काढा, नखाने खरवडून किंवा चिमटीने, कसेही. उशीर झाला की विष उतरत राहतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या, उलट्या सुरू झाल्या, कुत्रा कोसळला तर क्षणही दवडू नका. खूप माश्या चावल्या असतील तर तो ठणठणीत दिसला तरी तपासून घ्या.

भेक, म्हणजे खडबडीत कातडीचा बेडूक, मला सर्वांत फसवा वाटतो. कुत्रा तो तोंडात धरतो, लगेच थुंकतो, आणि तोंडातून फेस यायला लागतो. कातडीवरच्या ग्रंथींमधलं विष हिरड्यांतून शोषलं जातं. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, फडकं धूत राहा. पाण्याची धार सोडायची तर तोंडाच्या कडेने, नाक खाली झुकवून, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर पडेल. केन टोडसारख्या मोठ्या जातींचं विष हृदयावर परिणाम करतं, झटके आणतं. तिथे पुसत पुसतच गाडीत बसायचं.

आणि गवतात मुटकुळं करून पडलेलं हरणाचं पाडस किंवा सशाचं पिल्लू दिसलं तर ते टाकून दिलेलं नसतं. आई चरायला गेलेली असते आणि मुद्दाम लांब राहते, म्हणजे तिच्या वासावर कुणी येऊ नये. तुम्ही उचलू नका, कुत्र्याला हुंगू देऊ नका. लांबूनच निघून जा.

पळालाच मागे, तर

ओरडत मागे धावू नका. कुत्र्याला वाटतं, वा, धनीही शिकारीला आले! शिट्टी फुंका आणि उलट दिशेला पळा, खाली बसून हातवारे करा, गंमत चालली आहे असं दाखवा. तरी नाही आला तर शेवटचा दिसला त्या जागी थांबा. बहुतेक कुत्रे आपल्याच मागावरून परत येतात, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसता, कारण तुम्ही त्याला शोधायला भलतीकडे गेलेले असता. अंधार पडून जावंच लागलं तर अंगातला शर्ट किंवा टॉवेल तिथे ठेवून जा आणि उजाडता उजाडता परत या.

आला की रागवू नका. चिडलेले असाल तर बोलू नका, पण रागवू नका.

‘अहो, हरीण सुटलं की, काही झालं नाही त्याला,’ हेही नेहमी ऐकू येतं. पाठलागात जिवाच्या आकांताने पळालेल्या जनावराचे स्नायू आतून फाटू लागतात, त्यातले पदार्थ रक्तात उतरून मूत्रपिंड निकामी करतात, आणि ते काही तासांनी किंवा दिवसांनी कुठेतरी मरून पडतं. आपल्याला दिसत नाही इतकंच. लीशवर असलेला कुत्राही पाखरांना कुत्राच वाटतो: ऑस्ट्रेलियातल्या एका वनात केलेल्या पाहणीत, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, कुत्रे फिरवलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी आणि संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली होती, आणि ते कुत्रे लीशवरच होते. म्हणून विणीच्या हंगामात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे माळ टाळा. इंग्लंडमध्ये खुल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात दोन मीटरहून लांब लीश चालत नाही, हा कायदाच आहे.

घरी आल्यावर

केसांच्या उलट दिशेने बोटं फिरवत सगळं अंग चाचपा. सुळ्याची जखम बाहेरून टिकलीएवढी दिसते आणि आत खिसा झालेला असतो. ‘थोडंसंच लागलंय’ म्हणून घरी ठेवलेल्या अशाच जखमा दोन दिवसांनी सडतात. बोटांच्या बेचक्यात, कानांत, काखेत गोचिडी शोधा.

कोणत्याही सस्तन प्राण्याशी झटापट झाली असेल, तर कुत्र्याच्या अंगावर त्या प्राण्याची लाळ असू शकते. हातमोजे घालूनच धुवा. तुम्हाला ओरखडा किंवा चावा असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही. लक्षणांआधीची लस मात्र वाचवते. कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी पशुवैद्याला कळवा, बहुधा लगेच बूस्टर द्यावा लागतो. दिवसाढवळ्या झोकांड्या खाणारा, माणसाला न घाबरणारा कोल्हा किंवा मुंगूस दिसला तर तो ‘माणसाळलेला’ नाही, आजारी आहे. लांब राहा आणि वनखात्याला कळवा.

लसीचा दुसरा हिशेब उलट्या दिशेचा आहे. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटी अभयारण्यात डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाची साथ पसरली आणि तिथले साधारण एक तृतीयांश सिंह मेले. आपल्या कुत्र्याचं टोचून झालेलं कार्ड रानाच्याही कामी येतं.

मोठा धक्का बसल्यानंतर काही दिवस कुत्र्याला त्या वाटेने नेऊ नका. दुसरी, कंटाळवाणी, सपाट वाट धरा, हुंगायला भरपूर वेळ द्या. मग लांबून जुनी जागा दाखवा, खाऊ द्या, परत फिरा. दर वेळी थोडं जवळ. आम्ही त्या गवताकडे दोन महिने गेलो नाही. गेलो तेव्हा वारा पाठीवर होता, चिंगीचं तोंड उघडं आणि जीभ लोंबकळत होती. तिने त्या जागी सावकाश हुंगलं, गोल फिरली आणि तिथेच मांडी घालून शी केली. मी पिशवी काढली.